खुर्चीवर बसून सोंग कशाला?

वऱ्हाडात आज अनेक जण जबाबदारीच्या खुर्चीवर बसून दिवसभर एक गोष्ट लपवत असतात. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, पतसंस्थेचे शाखा व्यवस्थापक आहेत, पंचायत समितीतले विस्तार अधिकारी, अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलचे फोरमन, बडनेऱ्याकडे स्वतःचा कारखाना काढलेले इंजिनिअर आहेत. कामात कुणी कमी नाही. पण कुणासमोर जीआर आला की जोडाक्षरं एकमेकांत शिरतात आणि दोन पानं वाचायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. कुणाचं लक्ष हव्या त्या जागी बसत नाही. तोंडी सांगितलेल्या पाच कामांतली दोन दाराबाहेर पडेपर्यंत निसटतात, आणि आवडीच्या कामात मात्र जेवणाचीही शुद्ध राहत नाही. कुणाला समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलणं जड जातं, गर्दीचा गलका अंगावर येतो, आणि ‘बघू कधीतरी’ म्हणजे नेमकं कधी, हे उमगत नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऑटिझम अशी नावं आहेत आणि अशा सगळ्यांना मिळून न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. मेंदूची घडणच वेगळी. ताप उतरावा तशी ती उतरत नाही.

हे आवाहन त्या माणसांना आहे. साहेबासारखं दिसायच्या खटपटीत तुमची जी ताकद रोज खर्ची पडते, ती वाचवा. आपलं काम कोणत्या पद्धतीनं चांगलं होतं हे हाताखालच्या लोकांना उघड सांगा, आणि त्याच पद्धतीनं करा.

हे करणं सोपं नाही, ते मला कळतं. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘भैताड’, ‘येडपट’, ‘घुमं पोट्टं’ हे शब्द पोटभर ऐकले आहेत. ‘ध्यान कुठं हाय तुयं?’ हा प्रश्न शाळेत ऐकला, घरी ऐकला, शेतात वाट चुकलं तेव्हाही ऐकला. त्या काळी त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या १९९६ पासून. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईत सुरू झाली. मुंबईतली ती सोय दर्यापूर, बाळापूर, तेल्हाऱ्याच्या शाळांपर्यंत यायला किती काळ गेला, ते इथल्या जुन्या शिक्षकांना विचारावं. ‘तारे जमीन पर’ आला २००७ साली, आणि तेव्हा कुठे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. आज जे पंचेचाळीस-पन्नाशीत आहेत, त्यांची दहावी याच्या कितीतरी आधी उरकली होती. ते पाठांतर करून, रात्री जागून, भावाच्या वह्या उतरवून पुढे आले. लपवल्यामुळे आपण टिकलो, असं त्यांना वाटतं. त्या वयात ते खरंही होतं.

आता मात्र लपवण्याची किंमत फार मोठी झाली आहे, आणि ती तुम्ही एकटे भरत नाही. मुख्याध्यापिका पत्र हातात येताच ‘चष्मा राहिला घरी’ म्हणून ते सहायक शिक्षकाला वाचायला देतात. पंधरा ऑगस्टचं भाषण आठवडाभर आधीपासून तोंडपाठ करतात. अधिकारी बैठकीत इतरांचं बघून हसतात आणि बैठक संपली की गाडीच्या काचा वर करून पाच मिनिटं डोळे मिटून बसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कचेऱ्यांतले मोठे कूलर दिवसभर घोंघावत असतात आणि त्या आवाजात चार जण एकदम बोलत असतात. ज्याचे कान प्रत्येक आवाज सारख्याच जोरानं आत घेतात, त्याचा जीव त्या खोलीत दुपारपर्यंतच थकून जातो. मग संध्याकाळी घरी शब्द निघत नाही, किंवा निघतो तो चिडलेला.

याहून मोठं नुकसान कचेरीत होतं. तुम्ही कारण सांगितलं नाही, की लोक आपलं कारण लावतात, आणि ते बहुधा वाईट असतं. वाचायला वेळ लागतो म्हणून तुम्ही ‘ठेवून जा’ म्हणालात आणि नस्ती आठ दिवस टेबलावर राहिली, तर अमरावती काय नि अकोला काय, लोक एकच अर्थ काढतात: साहेबाला काहीतरी पाहिजे. तुम्ही शिपायाला दिलेला शब्द विसरलात, तर तो म्हणतो साहेब माणूस बघून वागतात. तुम्ही नजर मिळवली नाही, तर मगरूर ठरता. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा रुपया घेतला नाही, त्याच्या नावावर असा डाग लागतो, आणि तो पुसायला त्याच्याकडे तोंड नसतं. कारण खरं कारण सांगायचं तर लहानपणापासून लपवलेलं सगळंच बाहेर काढावं लागेल, असं त्याला वाटतं.

तसं सगळं काढावं लागत नाही. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण इथेच अडतात. आजाराचं नाव, डॉक्टरांची चिठ्ठी, लहानपणीची कहाणी यांतलं काहीही कचेरीला देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. सांगायचं ते कामाच्या पद्धतीबद्दल. ‘मला तोंडी सांगितलेलं राहत नाही, चार ओळी लिहून द्या.’ ‘लांब पत्र असेल तर मला वाचून दाखवा, मी ऐकून लगेच निर्णय देतो.’ ‘मी बोलताना तुमच्याकडे बघत नसेन, पण माझं लक्ष तुमच्याकडेच आहे.’ ‘अकरा ते बारा माझ्या खोलीत कुणी येऊ नका, त्या तासात मी सह्या संपवतो.’ अशा एका वाक्यानं माणसांचा अर्धा गैरसमज जातो. आणि ते वाक्य अजिजीनं म्हणू नका, कामाची सूचना ज्या आवाजात देता त्याच आवाजात म्हणा. सुरुवात एकाच माणसापासून करा, ज्याच्याबरोबर रोज बसणं-उठणं आहे अशा लिपिकापासून किंवा सहायकापासून. मागणीही एकच ठेवा. ती अंगवळणी पडली की दुसरी.

आपल्या मातीत याचं मोठं उदाहरण आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. त्यांच्या मेंदूला आज कसलं नाव लावायला मी बसलेली नाही. तो अगोचरपणा होईल, आणि त्यांची निरक्षरता गरिबीतून आलेली होती. त्यांनी माणसं पुढे कशी नेली, तेवढंच बघा. कीर्तनकार म्हटला की लोकांना फेटा, उपरणं, संस्कृत श्लोक आणि शास्त्राचे दाखले अपेक्षित असत. बाबांनी त्यातलं काहीही उसनं घेतलं नाही. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत कीर्तन करायचं. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचं. लिहिण्या-वाचण्याचं काम त्यांनी इतरांकडून करून घेतलं आणि त्यात कधी कमीपणा मानला नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतला पदवीधर जो कागद अभिमानानं भिंतीवर लावतो, त्याच्यावर ज्याला अक्षर येत नव्हतं अशा माणसाचं नाव असतं.

परदेशातली एक बाई सांगते, कारण आपल्या शेतकरी वाचकांना तिचं काम लगेच कळेल. टेंपल ग्रँडिन, जन्म १९४७, अमेरिकेची. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. ऑटिझम. पुढे ती पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. गोठ्यांत आणि कत्तलखान्यांत जनावरं ज्या बोळातून पुढे न्यायची, तिथे ती अडून का बसतात हे कुणाला सांगता येत नव्हतं. माणसं त्यांना टोचून आणि बडवून पुढे ढकलत. ग्रँडिन स्वतः त्या बोळात उतरली, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघत चालली आणि तिला दिसलं: लोंबकळणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कुणाचा कोट, जमिनीवरची तीव्र सावली. जनावर त्याला बुजत होतं. बैल बुजतो कशानं, हे आपल्याकडच्या गड्यालाही माहीत असतं. तिनं त्यावरून बांधकामाचे आराखडे काढले, वळणाचे बोळ बसवले. अमेरिका आणि कॅनडातली जवळपास निम्मी गुरं पुढे तिच्या आराखड्यांप्रमाणे बांधलेल्या जागांतून हाताळली जाऊ लागली. आपण शब्दांत विचार करत नाही, चित्रांत करतो, हे ती भर सभेत सांगत आली. तिचं काम आणि तिचं हे सांगणं वेगळं काढता येत नाही.

पण प्रत्येकात ग्रँडिन दडलेली असते, असं मी म्हणणार नाही. वेगळ्या मेंदूला ‘दैवी देणगी’ म्हणायची एक पद्धत हल्ली निघाली आहे. तिनं माणसाचं भलं होत नाही. ज्याला नुसती आपली शाखा नीट चालवायची आहे, वेळेवर हिशेब द्यायचे आहेत, त्यालाही मदत मागायचा तेवढाच अधिकार आहे. अलौकिक बुद्धी दाखवल्यावरच सवलत, हा सौदा कुणी करू नये.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. ‘माझा मेंदूच असा आहे’ म्हटलं की जबाबदारी संपत नाही. तुमच्या विसरण्यामुळे एखाद्या शिक्षिकेचं वैद्यकीय देयक दोन महिने अडलं, तर तिची माफी मागा आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून देयकांची तारीख दुसऱ्याच्या हाती द्या. लक्ष उडालं म्हणून हाताखालच्यावर ओरडलात, तर ज्या चारचौघांसमोर ओरडलात त्यांच्यासमोरच शब्द परत घ्या.

आता कायद्याचं. भीती वाटत असेल तर पायाखाली काय आहे ते माहीत असावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अमलात आला १९ एप्रिल २०१७ ला. त्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे. कलम २० सांगतं की सरकारी आस्थापनेनं नोकरीत भेदभाव करू नये आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून द्यावी. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे.

‘चाळीस टक्के नाही म्हणून तुम्हाला काही मिळणार नाही’ हे वाक्य खिडकीवर सर्रास ऐकू येतं. आरक्षणासाठी चाळीस टक्के लागतात, ते बरोबर. पण हात लिहिताना आखडतो अशा विकास कुमार या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला स्पष्ट सांगितलं की वाजवी सोय मागायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्याचा निकाल लागला. ते केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांना मंत्रचळ (ओसीडी) आणि नैराश्य होतं आणि वागणुकीवरून त्यांच्यामागे खात्याची चौकशी लागली होती. न्यायालय म्हणालं, मानसिक दिव्यांगत्व असलेला माणूस अशा कारवाईत सापडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ती कारवाई हाच अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. ती चौकशी रद्द झाली. आपल्या कचेऱ्यांत ‘कारणे दाखवा’ नोटिसा कशावरून निघतात ते आठवा, म्हणजे या निकालाचं मोल कळेल.

एक अडचण खरी आहे. एडीएचडी त्या एकवीसांत नावानिशी नाही. आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मुळात मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षानंतर पहिली तपासणी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा. पन्नाशीतल्या मुख्याध्यापिकेनं ते कुठून आणावं? म्हणूनच मी आधी म्हटलं की कामाच्या पद्धतीपासून सुरुवात करा. आदेश लेखी मागायला कसलंच प्रमाणपत्र लागत नाही.

तरीही निदान करून घ्यावंसं वाटत असेल, तर जरूर घ्या; स्वतःला कळणं हीच मोठी सुटका असते, असं ज्यांना उशिरा कळलं ते सांगतात. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचं इर्विन रुग्णालय इथे मानसोपचार विभागात सुरुवात करता येते. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणि तुम्हाला लहानपणी पाहिलेलं एखादं वडीलधारं माणूस सोबत न्या, कारण मोठ्यांमध्ये निदान करताना डॉक्टर लहानपणच शोधत असतात. दवाखान्यात पाय टाकायचं धाडस होत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. बोलणं मराठीत होतं आणि पैसे लागत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

बायकांसाठी दोन शब्द जास्त. मुलींमधला ऑटिझम आणि एडीएचडी पूर्वी फारसा कुणाच्या लक्षातच येत नसे. मुलगा खिडकीवर चढायचा, मुलगी मुकाट्यानं स्वप्नात हरवायची, आणि मुकाट्यानं बसणारी मुलगी कुणाला खटकत नाही. तीच आज शाळा सांभाळते, यू-डायसचे तक्ते भरते, पोषण आहाराचा हिशेब ठेवते, आणि घरी गॅसवर दूध उतू गेलं की नवरा-सासू दोघांचंही ऐकते. ताई, तुमचं विसरणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. कचेरीत सांगण्याआधी घरी सांगा. घरातलं ओझं वाटलं गेलं नाही, तर कचेरीत कितीही धीर गोळा केला तरी तो पुरायचा नाही.

सगळ्यांनी आजच सांगावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. कंत्राटी आहात, दर अकरा महिन्यांनी आदेश नवा होतो. परिविक्षाकाळ चालू आहे. वरचा माणूस सूडानं वागणारा आहे. घरात मुलीचं लग्न जमायचं आहे आणि नातेवाईक ‘त्यांच्या घरात तसलं काहीतरी आहे’ म्हणतील अशी धास्ती आहे. ही कारणं खोटी नाहीत. अशा वेळी थांबणं भित्रेपणाचं नाही. त्या माणसांसाठी दुसऱ्या कुणीतरी आधी बोलायला हवं, आणि ते काम ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांच्या सहीनं आदेश निघतात, त्यांचं आहे. म्हणून खुर्चीवरच्यांना माझी विनवणी जास्त कळकळीची आहे. तुमच्या हाताखाली जो घुमा ऑपरेटर आहे, हर्रासीच्या गलक्यातून मागे सरकणारा पण रुईचा पोत हातानं अचूक सांगणारा जो ग्रेडर आहे, त्याला स्वतःबद्दल बोलायची सोय तुमच्याशिवाय कुणीच करून देऊ शकत नाही.

ही सोय करायला पैसा लागत नाही. आढावा बैठकीचे विषय आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवा. बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी चार ओळींत लिहून द्या. रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपच्या गटावर आदेश टाकू नका. कुणालाही सगळ्यांसमोर अचानक उठवून पत्र वाचायला लावू नका. नवा माणूस घेताना मुलाखतीत तो किती चटपटीत बोलतो यावर जाऊ नका, यंत्रासमोर किंवा संगणकासमोर बसवून काम करून बघा. कूलरजवळची जागा नको म्हणणाऱ्याला दुसरी द्या, कारण विचारू नका. आणि ‘भैताड’ हा शब्द कचेरीत गमतीनंही चालू देऊ नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम २१ खासगी असो वा सरकारी, प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं. वीस किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या खासगी आस्थापनेला कोणत्या जागा योग्य आहेत आणि कोणत्या सोयी देणार, याचा तपशीलही त्यात लिहावा लागतो. आपल्या जिनिंगांत, डाळ मिलांत, पतसंस्थांत, शिक्षणसंस्थांत हे धोरण आहे का, ते सोमवारी गेल्या गेल्या विचारा. कर्मचारी असाल तर आस्थापना लिपिकाला विचारा. प्रमुख असाल आणि धोरण नसेल, तर ते तुम्हालाच लिहायचं आहे. वर सांगितलेल्या सोयी त्यात साध्या मराठीत घाला, स्वतःला लागणारीही एक त्यात असू द्या, खाली सही करा आणि सूचनाफलकावर लावा.